ओट्यावरची लंका

मयताच्या घरी गेल्यावर काय विचारायचं याची आपल्याकडे एक रीत आहे. आजारी होत्या का, शेवटी शुद्ध होती का, लेक वेळेवर पोचली का. आमचे सर दोनच प्रश्न विचारायचे. "वय किती होतं?" आणि "शाळा किती झाली होती?" उत्तर मिळालं की मान हलवायची, चपला घालायच्या आणि निघायचं. एकदा पंचवटीत एका घरी तिरडी बांधत होते आणि यांनी गेलेल्या म्हातारीच्या मुलाला हेच विचारलं. त्याच्या हातात सुतळी होती, ती टाकून तो अंगावर आला. सर म्हणाले, "रागावू नका. शाळेत गेल्या असत्या तर अजून काही वर्षं मिळाली असती, एवढंच." त्यानंतर त्या गल्लीतल्या मयताची खबर त्यांना कोणी दिली नाही.

मलाही त्यांनी हेच विचारलं होतं. माझे मालक वारले आणि मी खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा. मी म्हटलं, तरणेताठेच होते, सातवी पास. सर म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी जिवंत आहे. "ते दिसतंय. शाळा?" चौथी, म्हटलं. "चौथी," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी मागच्या दोन खोल्यांची किल्ली माझ्या हातात ठेवली.

चौथी म्हणजे चौथीच राहिली बरं का त्यांच्या लेखी. मी शिवणकाम करायची. ब्लाउजचे नमुने कापायला रद्दी पेपर लागतात, तर कापायच्या आधी मी तो पेपर वाचून काढायची. अशी वाचत वाचत मी पुस्तकांपर्यंत गेले. सरांच्या कपाटातली पुस्तकंसुद्धा वाचली, कळली तेवढी. एकदा म्हटलं, सर, आता तरी मला सातवीत घाला. म्हणाले, "परीक्षा दिली?" नाही. "मग चौथी. ताई, माणसाची ओळ बदलते, खण बदलत नाही."

हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. त्याचा अर्थ सांगायचा तर तो ओट्यावरचा खेळ सांगायला हवा.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. उंच, पुढे वाकलेले, उन्हाळ्या-पावसाळ्यात छत्री, आणि ती उघडलेली मी क्वचित पाहिली. त्यांच्या आयुष्यात एकच काम होतं. पुढच्या शंभर वर्षांत आपल्या देशात किती बायका असतील, त्यातल्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या किती, चौथीच्या किती, मॅट्रिकच्या किती, हे काढायचं. आणि तेच शेजारच्या लंकेचं काढायचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. लंकाच का, तर म्हणायचे, गोरा साहेब दोघांकडूनही थोड्याच महिन्यांच्या अंतरानं गेला, भात दोघंही खातात, पण तिथल्या पोरी आपल्या कितीतरी आधी शाळेत गेल्या. तिकडून टपालानं जाडजूड पुस्तकं यायची, नुसत्या आकड्यांनी भरलेली. पोस्टमन ती ओट्यावर आपटायचा आणि म्हणायचा, "घ्या, रावणाकडून आलंय."

आता बघा, हे सगळं नाशिकमध्ये. जिथून सीता नेली ती जागा आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, रोज यात्रेकरू तिथं नाक घासतात. आणि हा माणूस भाजी घेताना सांगणार, "लंकेत बायका आपल्याहून जास्त जगतात." लोक त्यांना बिभीषण म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. सरांना वाईट वाटत नसे. म्हणायचे, "बिभीषण तिकडून इकडं आला होता. मी इकडूनच तिकडं बघतोय."

ओटा लांबलचक होता, शहाबादी फरशीचा. माझा शिवणाचा वर्ग तिथंच भरायचा. दर बुधवारी, म्हणजे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी सर मला म्हणायचे, "ताई, बायका द्या जरा." मग मशीन बाजूला सारायची. ओट्याच्या मधोमध सरांनी चुन्याची रेघ मारलेली. डावीकडं आपला देश, उजवीकडं लंका. फरशीच्या चौकोनांवर बायका बसवायच्या. बारक्या पोरी पायरीजवळ पहिल्या ओळीत, त्यामागं तरण्या, त्यामागं लेकुरवाळ्या, अशा करत करत म्हाताऱ्या भिंतीशी. ही झाली ओळ. आणि शाळेप्रमाणं खण. शाळा न पाहिलेल्या पार कडेला, मग चौथीच्या, आणि मॅट्रिकवाल्या रेघेला लागून. मॅट्रिकच्या खणात आमच्याकडं एकटी कमल असायची, बौद्ध कॉलनीतली, वडील प्रेसमध्ये कामाला. तिथं ती एकटी बसून कंटाळायची. लंकेत बसायला बायका कुठून आणणार, तर तिथं पाट मांडायचे. रेघेपलीकडं मॅट्रिकच्या खणात पाटच पाट. गोदाआक्का, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, भिंतीला टेकून म्हणायची, "देवा, पुढच्या जन्मी मला पाट कर. लंकेतला."

मग सर म्हणायचे, "हं." एक हं म्हणजे पाच वर्षं. सगळ्यांनी उठून एक ओळ मागं सरकायचं. खण मात्र तोच. कडेची कडेलाच मागं जाणार, थेट भिंतीपर्यंत. पुढं रिकामी झालेली पहिली ओळ नव्या पोरींची, तिथं वाट्या मांडायच्या. कडेच्या खणातल्या बायकांच्या वाट्या जास्त, कमलच्या कमी. आणि मग यायचा डबा.

चहाचा पत्र्याचा डबा होता, वर पोपटाचं चित्र. त्यात चिंचोके. काही चिंचोके सरांनी दगडावर घासून एका अंगानं पांढरे केलेले. प्रत्येकीनं न बघता एक काढायचा, पांढरा हाताला आला की ती बाई मेली. तिनं उठून खाली पायरीवर जाऊन बसायचं. कडेच्या खणासाठी डब्यात पांढरे जास्त घालायचे, चौथीला कमी, मॅट्रिकला त्याहून कमी. लंकेच्या पाटांसाठी सर स्वतः काढायचे आणि पाट उचलून बाजूला ठेवायचे, हळूच, झोपलेल्या माणसाला उचलावं तसा.

पहिल्या दिवशी बायका भडकल्या होत्या. जितीजागती बाई मेली म्हणायची म्हणजे काय? पण बायका कशालाही सरावतात. पुढं पुढं मेलेल्यांनी पायरीवर स्टोव्ह पेटवून चहा टाकायचा, असं ठरूनच गेलं. "आज मयतांनी साखर कमी घातली," असं गोदाआक्का सरळ म्हणायची. चहा होईस्तोवर पन्नास-साठ वर्षं निघून जायची.

मी एकदा विचारलं, सर, हे सगळं तुम्ही कागदावर केलेलंच असतं, मग आम्हाला कशाला ऊठबस? म्हणाले, "कागदावर मला दिसत नाही, ताई. कागदावर कोणी उठून जात नाही."

या सगळ्यातून त्यांनी एक साल काढलं होतं. आपला ओटा लंकेच्या ओट्यासारखा दिसेल, कडेचा खण भिंतीपर्यंत रिकामा होईल, ते साल. कोणाला सांगायचे नाहीत. आक्का म्हणायची, "सांगा की सर." "आक्का, तेव्हा तुम्ही भिंतीपलीकडं असाल." "मग तर सांगाच. मी कोणाला सांगायला येणार आहे?" सर हसायचे आणि डबा बंद करायचे. पण ते साल त्यांच्या मनात होतं आणि त्यावर ते जगत होते. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या सालावर होता.

मग यमुना आली. सुरगाण्याकडची, डोंगरातली. पाऊसपाण्यात तिकडं नागली-भात करायचं आणि दिवाळी झाली की नवरा-बायको पोरांना घेऊन नाशकात बांधकामावर. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बंगला उठत होता तिथं ती पाट्या वाहायची, नि आमच्या नळावर पाण्याला यायची. बुधवारी बाजाराची सुट्टी, तर येऊन ओट्यावर टेकायची. बरोबर लेक, चंद्रा, सात-आठ वर्षांची. काखेत बारका भाऊ. यमुना कडेच्या खणात बसायची, लेकुरवाळ्यांच्या ओळीत, आणि डब्यातून चिंचोका काढताना डोळे मिटायची. तिला तो खेळ वाटत नसावा.

ती सरांना मास्तर म्हणायची. एका बुधवारी म्हणाली, "मास्तर, माझी पोर कुठं बसल मोठी झाल्यावर?"

"मला माणूस विचारू नको, यमुना. ओळ विचार."

"ओळीचं मला काय करायचं? ही एकच पोर हाय मला."

सरांनी चंद्राकडं बघितलं. मग म्हणाले, "शाळेत नाव आहे हिचं?"

"हाय की. दोन शाळांत हाय. गावाला हाय, हितं बी हाय." किती कौतुकानं सांगितलं तिनं. आक्का भिंतीशी टेकल्या टेकल्या म्हणाली, "दोन दोन शाळा म्हणजे ही डबल मॅट्रिक होणार." बायका हसल्या. सरही खूश झाले. त्यांनी चंद्राला हाताला धरून कडेच्या खणातून उठवलं आणि चौथीच्या खणात बसवलं, माझ्या पुढच्या ओळीत. यमुनानं पदर तोंडाला लावला. असं हसणं तिचं मी तेवढंच पाहिलं.

तेवढ्यावर थांबले असते तर सर कसले. त्यांनी डबा पोरीपुढं धरला, नुसता कौतुकानं. "काय लिहिलंय यावर? वाच."

चंद्रानं नीट बघितलं. "पोपट," म्हणाली.

बायका पुन्हा हसल्या. सर नाही हसले. पोपटाच्या खाली ठसठशीत अक्षरात 'चहा' लिहिलेलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?" पोरीनं आईकडं बघितलं.

मग सर तिच्यापुढं उकिडवे बसले आणि एकेक विचारत गेले, अगदी सावकाश. गावची शाळा कधी भरते? पोर म्हणाली, पावसात वहाळाला पाणी येतं, गुरुजी येत नाय. दिवाळीनंतर येतो. आणि दिवाळीनंतर तू कुठं? हितं. इथल्या शाळेत जातेस? नाव घातलं तवा गेले होते. आता? आता भाऊ कोण धरल?

दोन शाळांच्या पटावर पोर हजर होती आणि दोन्हीकडं नव्हती. पाऊस असतो तेव्हा पोर गावी आणि गुरुजी नाही. गुरुजी असतो तेव्हा पोर नाशकात, काखेत भाऊ. सरांचे सगळे आकडे पटावरचे होते. पटावर नाव म्हणजे शाळेत, असं धरून त्यांनी शंभर वर्षं मोजली होती. ही एकटी पोर तर त्यात दोनदा मोजलेली.

त्यांनी चंद्राचा हात धरला आणि तिला उठवलं.

"मास्तर, उठवू नका तिला," यमुना म्हणाली.

"मी उठवत नाही, यमुना. ती तिथं बसलेलीच नव्हती."

"बसू द्या ना. तुमचं काय जातं? खेळच हाय."

"खेळ नाही हा," सर म्हणाले, आणि पोरीला कडेच्या खणात नेऊन बसवलं, यमुनाच्या पुढं. यमुनानं काही क्षण तिच्या पाठीकडं बघितलं. मग उठली, बारक्याला उचललं, चंद्राच्या दंडाला धरलं आणि ओटा उतरून गेली. तिचा हंडा नळाखाली तसाच वाहत राहिला.

कमल म्हणाली, "सर, ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" मॅट्रिकच्या खणातून ती पहिल्यांदाच बोलली. सर म्हणाले, "मी जे साल काढलंय ना, ते चुकलं." "किती वर्षांनी चुकलं?" "माहीत नाही. अशा चंद्रा किती आहेत, मला माहीत नाही."

त्या उन्हाळ्यात ते इथल्या शाळेत जाऊन भांडून आले. तिथले हेडमास्तर म्हणाले म्हणे, नाव काढतो, पण पट खाली आला की माझा एक शिक्षक जाईल, मग जी येतात त्यांना कोण शिकवेल? सर घरी येऊन मला म्हणाले, "त्याचंही बरोबर आहे," आणि जेवले नाहीत.

आणि भर पावसात ते जीपनं सुरगाण्याकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक सोडून बघायला गेले. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री मोडलेली. मी पाणी तापवून दिलं. विचारलं, काय बघितलंत? "शाळेला कुलूप. वहाळाला पाणी." यमुना भेटली? "भेटली. रोपं लावत होती. दिवस भरत आलेले दिसले." मी विचारलं, मग काय बोललात? सर पायावर पाणी ओतत होते, ते थांबले. म्हणाले, "विचारलं, गुरुजी शेवटचे कधी आले होते."

बाकी काही नाही विचारलंत? तर नाही म्हणाले.

दिवाळी झाली. शेजारच्या बंगल्यावर स्लॅब पडायचा होता, माणसं परत आली. एका सकाळी सर कॉलेजला निघालेले, तर नळावर चंद्रा एकटी. आईचा हंडा घेऊन, तो तिला पेलत नव्हता. सर म्हणाले, "आई कुठं?"

"मेली," पोर म्हणाली. बाळंतपणात. बाळ बी. झोळी करून नेत होते, वहाळाशी अडकले.

ओट्यावर इतक्या बुधवारी हा शब्द ऐकलेला, बायकांनी हसत हसत म्हटलेला. तसाच म्हणाली ती. तिला वाटलं असेल, इथं असंच म्हणतात. मी दारात उभी होते. मला वाटलं, सर आता ते दोन प्रश्न विचारणार. पण वय किती आणि शाळा किती, हे त्यांनी विचारलं नाही. दोन्ही उत्तरं त्यांना ठाऊक होती. त्यांनी हंडा भरला, उचलला आणि तिच्या झोपडीपर्यंत नेऊन ठेवला. कॉलेजला गेले नाहीत.

वर्गातल्या बायका म्हणाल्या, त्या डब्यानं खाल्ली तिला. दोघी-तिघींनी शिवणच सोडलं. मी कोणाला समजावत बसले नाही. पण वहाळ काही डब्यात नव्हता.

बुधवारचा खेळ बंद झाला. त्याच्याऐवजी सर नळाशेजारी कोळशानं फरशीवर अक्षरं काढून चंद्राला शिकवायला लागले. ती भांडी घासता घासता बघायची. आक्का तर बोलल्याशिवाय राहायची नाही. "का हो सर, खण बदलत नाही म्हणता, मग ही उठाठेव कशाला? तुमच्या आकड्यांत काही फरक पडणार आहे?"

"काही नाही."

"मग हे काय आहे?"

"आज बुधवार आहे," सर म्हणाले.

होळीपर्यंत पोरगी क, ख, ग ओळखायला लागली. डब्यावरचं चहा वाचलं, तेव्हा सरांनी मला आतून बोलावून आणलं ऐकायला. मग पाऊस आला, ती गेली, आणि दिवाळीनंतर आली ती सगळं विसरून. पुन्हा अ पासून. पुढच्या वर्षी पुन्हा अ. अशी काही वर्षं गेली आणि मग एका दिवाळीनंतर ती आलीच नाही. बाप म्हणाला, लगीन केलं. केवढी होती ती. सरांनी कोळसा नळावर ठेवून दिला, तो कितीतरी दिवस तिथंच होता.

आणि मग लंकेत दंगली पेटल्या, तिथलीच माणसं तिथल्या माणसांना जाळू लागली. पेपर माझ्याकडं ब्लाउज कापायला यायचा त्याच्या आधी सर तो घेऊन जायचे. चौकातली माणसं त्यांना गाठून म्हणायची, "काय बिभीषण, जळली ना तुमची लंका?" त्यांना वाटायचं, गंमत केली. सर उभे राहून ऐकून घ्यायचे. घरी येऊन एकदा मला म्हणाले, "ताई, जाळणारे शिकलेले आहेत आणि जळणारेही शिकलेलेच. माझ्या डब्यात हा चिंचोकाच नव्हता." त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली ती गेलीच. सगळे पाट त्यांनी एकावर एक रचून भिंतीशी ठेवून दिले. आपल्या बाजूचं साल चुकलं होतंच, आता बघायची बाजूही राहिली नव्हती. कॉलेजातून निवृत्त झाले. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. चुन्याची रेघ पुसट झाली होती तरी खुर्ची बरोबर रेघेवर यायची.

अशाच एका दुपारी, बुधवारच होता, फाटकात एक बाई उभी. डोक्यावर बोचकं, काखेत तान्ही. मी ओळखली नाही. सरांनी ओळखली. चंद्रा. सतरा-अठराची असेल, पण यमुनाच उभी असल्यासारखी वाटली. नवऱ्याबरोबर कामाला आली होती, कुठं कॉलेज रोडला. मी चहा टाकला. तिनं पोर पदरात घेतली आणि ओट्याकडं बघत राहिली. भिंतीशी पाटांची चळत, खुर्चीखाली पोपटाचा डबा. डब्यावरचं तिला आता वाचता येईना, तिनंच सांगितलं, हसत.

मग उठली, रेघ ओलांडून पलीकडं गेली आणि पोरीला लंकेच्या बाजूला फरशीवर निजवलं. पहिल्या ओळीत. अगदी बरोबर मॅट्रिकच्या खणात. इतक्या वर्षांनी तिला जागा आठवत होती.

सर म्हणाले, "तिथं नको, चंद्रा. तिथं माणसं जाळतायत."

तिला काय कळलं कोण जाणे. तिनं पोर उचलली आणि अलीकडच्या बाजूला आली. कडेच्या खणापाशी थांबली. तिथं तिनं ठेवली नाही. पोरीला छातीशी धरून ती सरांसमोर उभी राहिली. "मंग कुठं ठेवू, मास्तर?"

मी चहाची भांडी घेऊन दारातच थांबले. शंभर वर्षांचं सांगणारा माणूस. सरांनी खाली रेघेकडं बघितलं. मग खुर्चीवरून उठले, गुडघे धरत खाली बसले आणि रेघेवर, खुर्चीच्या सावलीत, आपला पंचा अंथरला. चंद्रानं पोर त्यावर ठेवली आणि बाजारात गेली. मीठ-मिरची आणते म्हणाली.

ती येईपर्यंत सर पोरीजवळ बसून होते. माश्या वारत होते, हातानं. ओळीचं बोलले नाहीत, खणाचं बोलले नाहीत. एकदाच मला म्हणाले, "ताई, हिचं नाव काय ते विचारायचं राहिलं."

चंद्रा आली, तिनं झोपलेली पोर उचलली. सरांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "अजून ठेवलं नाय, मास्तर. आमच्यात जरा जगल्यावर ठेवतात."